गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत

एकदा एक वृद्ध राजदूत निवृत्त होऊन कृष्णाकाठच्या एका लहानशा गावी राहायला आले. देशोदेशी हिंडून त्यांनी तह घडवले होते, काही तह मोडतानाही पाहिले होते. आता भाड्याच्या घराच्या ओसरीवर सतरंजी अंथरून त्यांनी जाहीर केले की, ज्यांना लोकसेवेत जायचे आहे, परराष्ट्र व्यवहार शिकायचा आहे, त्या मुलामुलींनी शनिवारी संध्याकाळी यावे. फीचे विचारले तर म्हणत, "डोकं तुमचं, चहा माझा." अशा ओसऱ्या आता राहिल्या नाहीत. गावाबाहेर फारसे न गेलेली पोरे तिथे बसून समुद्राच्या हद्दी ठरवत आणि दिवेलागणीला घरचे रागावतील म्हणून पळत सुटत!

त्या पोरांत हेमांगी होती. तालुका कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, बुद्धी लखलखीत आणि जीभ त्याहून तेज. सर दर शनिवारी दोन देशांमधला एखादा तंटा द्यायचे, दोघांना समोरासमोर बसवायचे आणि वाद रंगला की शेवटी बाकीच्यांचे हात वर करवून निकाल लावायचे. हेमांगी ज्या देशाच्या बाजूने बोले, तो देश हटकून जिंके. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच तिचे उत्तर तयार असे.

सरांची मात्र एक अजब रीत होती. चहा झाला की ते खुंटीवरची काठी घेत, पायात चपला सरकवत आणि त्या दिवशी जो हरला असेल त्याला सोडायला निघत. पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत जात आणि तिथून परत फिरत. जिंकणाऱ्याला ओसरीवरूनच "ये हं" म्हणून निरोप. वाटेत सर काय बोलतात, हे हेमांगीने दिगंबरला किती वेळा तरी विचारले. हा दिगंबर तिचा नेहमीचा प्रतिस्पर्धी, म्हणजेच नेहमीचा हरणारा. तो नुसता हसे. "विशेष काही नाही गं," म्हणे, आणि घरी मात्र शीळ घालत जाई. हेमांगीला त्या शिळेचा मनस्वी हेवा वाटायचा.

पुढे एका न्यासाची शिष्यवृत्ती जाहीर झाली. परदेशी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांचे उच्च शिक्षण, सगळा खर्च न्यासाचा, आणि परतल्यावर देशाच्या सेवेत रुजू व्हायचे एवढीच अट. त्या भागातून एकालाच पाठवणार होते. मुलाखतीला हेमांगी आणि दिगंबर, दोघांनाही बोलावणे आले. निवड हेमांगीची झाली.

ती धावतपळत ओसरीवर आली तेव्हा दिगंबर मान खाली घालून तिथेच बसला होता. सर म्हणाले, "उत्तम! जा, आधी आईला सांग." आणि खुंटीवरची काठी घेऊन ते दिगंबरबरोबर चालू लागले. आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळाला त्या दिवशीही सरांनी तिला कोपऱ्यापर्यंत सोडले नाही. दोघांच्या पाठमोऱ्या आकृती बघता बघता तिचे डोळे भरून आले. आपण सरांच्या कोणीच नाही, असे तिच्या मनाने घेतले.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती नमस्काराला गेली. वाकली, उठली आणि तिच्याने राहवेना.

"सर, रागावू नका. पण मी इतकी वर्षं आले, तुम्ही मला एकदाही सोडायला आला नाहीत. हुशारीची ही कसली शिक्षा?"

सरांनी तिला बसायला सांगितले.

"हेमांगी, जिंकलेल्याचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हात वर करून मानलेलंही असतं. हरलेल्याचं म्हणणं अर्ध्यावर तुटतं, आणि ते उरलेलं अर्धं तो पोटात घेऊन घरी जातो. माणूस असेल तर दोन दिवस धड जेवत नाही. देश असेल तर वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि मग सैन्य घेऊन येतो. मी नवखा असताना आमच्या बाजूने एक फार सुंदर तह झाला होता. सह्या झाल्या, आम्ही मेजवानीला बसलो, आणि समोरचे वृद्ध मंत्री एकटेच जिना उतरून गेले. तह वर्षभरही टिकला नाही. तेव्हापासून हरलेल्या माणसाला मी एकटं जाऊ देत नाही."

"मग वाटेत तुम्ही त्यांची समजूत काढता?"

"छे! समजूत कसली? विचारतो, तुझं म्हणणं काय होतं, पहिल्यापासून सांग. तो सांगतो, मी ऐकतो. गिरणीपर्यंत बहुतेकांचं सांगून होतं."

"आणि माझं?"

सर मोठ्याने हसले. "तू कधी हरलीच नाहीस, त्याला मी काय करू? येईल तोही दिवस. आला की इकडेच ये."

हेमांगी परदेशी गेली. तिथल्या वर्गातही असेच लुटुपुटीचे तह करवून घेत. एकदा तिने एका बेटावरच्या मुलाला पार निरुत्तर केले. तो दप्तर उचलून निघाला तेव्हा तिला गिरणी आठवली आणि ती त्याच्या मागे धावली. पण सवय जाते कुठे! बसथांब्यापर्यंत तो कसा चुकला हेच ती त्याला सांगत राहिली. ऐकणे तिला जमले, पण हळूहळू, आणि तेही कधीमधीच.

परतल्यावर ती परराष्ट्र सेवेत रुजू झाली. बरीच वर्षे गेली. शेजारच्या एका देशाच्या हद्दीत चुकून शिरणारे कोळी वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडत. त्यांना तिथल्या तिथे परत पाठवावे, असा करार व्हावा म्हणून तिने जिवाचे रान केले. पलीकडच्या देशाच्या एका अधिकाऱ्याबरोबर बसून तिने मसुदा तयार केला, सह्यांचा दिवस ठरला, आणि ऐनवेळी तिच्याच वरिष्ठांनी तो बाजूला सारला. बैठकीत तिचे बोलणे अर्ध्यावर तोडून अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले.

ती रजा टाकून गावी आली. नोकरी सोडायची, हे मनाशी पक्के करूनच आली होती. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेली. सर फार थकले होते. गुडघे सुजलेले, डोळ्यांना नीट दिसत नव्हते. कराराचे ती काहीच बोलली नाही. गावच्या पाण्याविषयी बोलली, मास्तर झालेल्या दिगंबरच्या शाळेविषयी बोलली, आणि चहाची वारेमाप तारीफ केली. चहा बेताचाच होता. सर ऐकत राहिले. ती उठली तसा त्यांनी भिंतीकडे हात नेला आणि खुंटी चाचपली.

"सर, राहू द्या. गुडघे दुखतायत ना?"

"माझ्या चपला कुठे आहेत बघ जरा," सर म्हणाले.

हेमांगीने चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या, आणि तिथेच बसून ती लहान मुलीसारखी रडली.

दोघे निघाले. रस्ता तोच, पण दुतर्फा दुकाने झाली होती. थोडे गेल्यावर सर म्हणाले, "हं. तुझं म्हणणं काय होतं? पहिल्यापासून सांग."

ती सांगू लागली. कोळ्यांच्या होड्या, बायकांनी काढलेली वर्षे, एकेका कलमासाठी घातलेले वाद, सगळे सांगत गेली. गिरणीचा कोपरा आला. गिरणी केव्हाच बंद पडली होती, नुसते पत्र्याचे दार उरले होते. हेमांगी थांबली. इथून सर परत फिरतात, हे तिने इतकी वर्षे ओसरीवरून पाहिले होते.

"अगं, अजून संपलं कुठे?" असे म्हणून सर काठी टेकत तसेच घाटाकडे चालू लागले.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिने उरलेले सांगितले. सगळे सांगून झाल्यावर तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारले. मग म्हणाली, "सर, पलीकडचे ते अधिकारी... त्यांनीही आपल्या सरकारशी भांडून तो मसुदा आणला होता. आमचा नकार ऐकला आणि निघून गेले. ते एकटेच जिना उतरले असतील. त्यांचं म्हणणं कुणी ऐकलं असेल?"

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग तू इथं काय करते आहेस, बाळ?"

हेमांगी उठली. तिने सरांना हात धरून उठवले आणि ओसरीपर्यंत पोहोचवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती कामावर परत गेली.