जिंकणाऱ्याचं काम

मिरजेच्या वाचनालयातला धोंडीबा तांबटांचा बुद्धिबळाचा पट हलवून तिथं बुद्धिबळ खेळणारं यंत्र बसवायचं, असं वाचनालयाचे व्यवस्थापक रणदिवे साहेबांनी ठरवलं. यंत्रानं धोंडीबांना हरवलं, तसे साहेब भिंतीवरचा देशांचा तक्ता दाखवत म्हणाले, "यंत्रानं कसं खेळायचं ते इंग्लंडनं लिहिलं, रशियाचं यंत्र यंत्रांत अजिंक्य ठरलं, अमेरिकेच्या यंत्रानं जगज्जेत्याला हरवलं. आपला रकाना कोराच की हो, आजोबा!"

 धोंडीबा पटाकडे बघत हळूच म्हणाले, "आमच्यात जिंकलेला माणूस हरलेल्याचे मोहरे पुन्हा मांडून देतो, साहेब. हे यंत्राला कुठल्या देशानं शिकवलंय?"

साहेबांनी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला; ते कुठंच नव्हतं.

"मग ते आम्ही शिकवू. पट तेवढा राहू द्या," धोंडीबा म्हणाले.

साहेब खाली वाकले आणि धोंडीबांचे मोहरे मांडू लागले.