चहातलं लांब पान

खूप जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, थोरांनीही. एका राजाचा धाक फार मोठा होता. गाणं चालू असताना एक पहारेकरी नुसता खोकला, तर राजानं त्याला हद्दपार केलं.

एकदा दर्यापारच्या जपान देशातून आलेल्या व्यापाऱ्यानं राजाला हिरव्या चहाची पेटी भेट दिली. राजानं संध्याकाळी बागेत गाण्याची छोटी बैठक ठरवली. गवई, म्हातारे राजवैद्य आणि चार जिवलग, एवढीच माणसं. चहा देण्याचं काम एका दासीकडे आलं.

"गाणं संपलं की सगळे एकदम पिऊ," राजानं बजावलं. "तोवर कुणाचा आवाज नको."

प्रवासात चहा दमट झाला होता. दासीनं दुपारी तो बागेत कापडावर वाळवून घेतला.

संध्याकाळी गाणं रंगलं. दासीनं आवाज न करता पेले भरून प्रत्येकासमोर ठेवले. मग किटलीचं झाकण उचललं. गरम पाण्यात चहाची बारीक पानं उलगडली होती, आणि त्यांच्यात एक लांब, टोकदार, जाड शिरेचं पान तरंगत होतं. कण्हेरीचं. विषारी!

बोलावं तर राजाचा कोप, न बोलावं तर सात जीव जाणार. गवयानं शेवटची तान घेतली. राजाचा हात पेल्याकडे गेला.

"महाराज, पिऊ नका!" ती किंचाळली.

तान तुटली. राजा संतापून उठला. दासीनं त्याचे पाय धरले. "चहात कण्हेर पडलीय, महाराज. चूक माझीच. मला हवी ती शिक्षा करा, पण कुणी पिऊ नका."

वैद्यांनी ते पान काढून दिव्याशी धरलं. "खरं बोलतेय ही," ते म्हणाले.

राजानं माळ्याला बोलावलं. "कण्हेर चहात आली कशी?"

माळी चाचरला. "सरकार, दुपारी वाऱ्यानं कण्हेरीचा पाचोळा उडून चहाच्या कापडावर पडला. मी पाहिलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या भीतीनं."

राजा मटकन खाली बसला. शत्रूला कधी न भ्यालेला तो राजा आता स्वतःच्याच धाकाला भ्याला. त्यानं दासीपुढे हात जोडले. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, की वाईट बातमी सांगणाऱ्याला यापुढे शिक्षा नाही. पण माणसांना धीर यायला कितीतरी वर्षं लागली, आणि तोवर राजा प्रत्येक घास भीत भीत गिळत राहिला.

बोध एवढाच: ज्याच्या धाकानं माणसं मुकी होतात, त्याला संकटाची खबर सगळ्यांत उशिरा मिळते.