जांभ्याखालचा कोळसा

"माझ्या जमिनीखाली कोळशाची भट्टी लावली कुणी?" शिरसोंड्याचे राजे हिंदूराव कडाडले.

झालं असं, की वाड्यामागे विहीर खणताना धाकू पाथरवटाला जांभा दगड फोडल्यावर चिकणमाती लागली आणि मातीखाली निघाला काळा कोळसा, चांगला हातभर जाडीचा! राजांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की पहारीनेही निघत नसे. राखीव रानातली झाडं चोरून धाकूनेच जाळली आणि पुरली, असं त्यांनी ठरवून टाकलं. अख्ख्या जांभ्याखाली कशी पुरली, हे विचारायची छाती कुणाची?

"न जाळता कोळसा झालेला दाखवा! तोवर शिडी वर ओढा!"

बिचारा धाकू तळाशीच अडकला. त्याची लेक भागी खाडीत कालवं काढायची. बापाच्या काळजीने तिचा जीव टांगणीला लागला, पण ती रडत बसली नाही. टोपली खाली सोडून तिने कोळशाचं एक ढेकूळ मागवलं आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, हात लावून बघा. ओलं आहे. लाकडाच्या रेषा दिसतात, पानं चिकटलीत. आणि हा पिवळा खडा राळेचा!"

तिने खडा निखाऱ्यावर टाकला. दरबारभर धुपाचा वास! गुरवाने तर सवयीने हात जोडले.

"भट्टी लावली असती, तर आधी राळच पेटली असती ना? ही झाडं खाडीच्या चिखलात बुडाली. वर गाळ बसत गेला, अन् युगानुयुगं दबून ती काळी पडली. माझ्या बापसाने नुसती शोधली!"

राजे वरमले. पण हट्ट तो हट्टच!

"म्हणजे माझं रान खाडीने गिळलं! तिला दरबारात हजर कर, मगच शिडी सुटेल!"

"हजर कशाला करायची, महाराज? दिवसातून दोनदा भरती घेऊन ती तुमच्या पायरीशी येतेच. आत्ताच बोलून आले तिच्याशी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, रान बुडालं तेव्हा गादीवर कोण होतं, तेवढं सांगा. ज्याचं त्याच्या हातात परत देते!"

राजांनी वंशावळ गाणाऱ्या भाटाकडे पाहिलं. भाटाने आजा, पणजा, खापरपणजा मोजले, सातव्या पिढीला घसा खाकरला आणि पागोटं सारखं करू लागला. राजांना असं काही हसू फुटलं, की त्यांचा तक्क्यावरून तोलच गेला.

"अरे, शिडी सोडा! धाकूला माडांची बाग द्या, पोरीच्या हातात सोन्याचं कडं घाला. आणि विहीर दुसरीकडे खणा! जागा हिलाच विचारा, मला नको!"