राजवाड्याच्या छपरातली तीन पिल्ले

एका राज्यात भाताला वास येईनासा झाला. तांदूळ तोच आंबेमोहोर, पाणी तेच, चूल तीच; पण झाकण उघडले की नुसती वाफ. सात गावांचे लोक पानावर बसत आणि दोन घासांत उठत.

राजाने कारण शोधले नाही. राजे कारण शोधत नाहीत, गुन्हेगार शोधतात. कोतवालाने तिसऱ्या दिवशी तो आणून उभाही केला: मुदपाकखान्याचा आचारी नागोजी. सुगंधी तांदूळ परस्पर विकून याने भलताच शिजवला, अशी दवंडी पिटली गेली. पुरावा कोणी मागितला नाही. पौर्णिमेला त्याला हद्दपार करायचे ठरले.

नागोजीची बहीण आवडाई छपरे शाकारत असे. भाऊ निर्दोष आहे हे तिला ठाऊक होते, आणि आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी ती स्वतःशीसुद्धा बोलत नव्हती. शाकारणाऱ्यांची रीत अशी, की छपराचे भोक बुजवण्याआधी कौलावर तीन थापा माराव्यात आणि आत जो कोणी असेल त्याला निघून जायला एक दिवस द्यावा. राजाची मिरवणूक निघायची होती; तिच्या आदल्या दिवशी हुकूम आला, की राजवाड्याची सगळी भोके दिवस मावळायच्या आत बुजली पाहिजेत. आवडाईने थापा मारल्या नाहीत. वरून राजाच्या मांत्रिकाने मंतरलेला चुना ओतला. भाताचा वास गेला तो दुसऱ्या दिवशी.

कुंपणावर भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "आवडाई, वास चोरीला गेलेला नाही. ज्याचा होता त्याने परत घेतला. ताडावर जाऊन विचार."

ताडावर उदमांजरी बसली होती. डोळ्यांवर काळी पट्टी, शेपूट हातभर लांब, आणि अंगाला आंबेमोहोराचा घमघमाट.

"माझी तीन पिल्ले आत कोंडली," ती म्हणाली. "कोणी?"

"मी," आवडाई म्हणाली. "थाप मारली नाही."

उदमांजरीने मिशा हलवल्या. कबूल करणारे माणूस तिने पहिल्यांदाच पाहिले होते. तिने सांगितले, की पिल्ले चुन्याच्या मंत्राने झोपली आहेत, त्यांना भूक नाही, तहान नाही. पण पौर्णिमा उलटली तर ती उठणार नाहीत. मग तिने तीन कामे घातली. मुदपाकखान्यामागचे उष्टे झाकायचे. चिचुंद्रीशेजारी नाकाला पदर न लावता बसायचे. आणि ज्याच्या हुकमाने भोक बुजले, त्याच्याच हाताने ते उघडवायचे.

आवडाईने उष्ट्याचा ढीग खड्ड्यात पुरला, रांजणांवर झाकणे घातली. पाणक्या हसला, "बाई, उदमांजरांची चाकरी धरलीस वाटते."

"धरली. तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत."

त्या दिवसापासून परसात ना उंदीर आला, ना कुत्रा, ना उदमांजर. आमंत्रणच बंद झाले होते.

मग ती कोठाराच्या भिंतीशी गेली. राजाच्या कुत्र्यांनी चिचुंद्रीला कोपऱ्यात घेतले होते. आवडाईने कुत्री हाकलली आणि तिथेच मांडी घातली. डोळ्यांतून पाणी वाहिले, पण पदर उचलला नाही.

"मी घाण वास सोडते असे सगळे म्हणतात," चिचुंद्री म्हणाली. "मला कोपऱ्यात कोण घेतो, ते कोणी म्हणत नाही. तू बसलीस. मी तुझ्याबरोबर येते."

पौर्णिमेच्या सकाळी आवडाई दरबारात उभी राहिली आणि राजाने वर येऊन एक कौल उचलावे, एवढेच मागितले. कोतवाल म्हणाला, राजे कौले उचलत नाहीत. तेवढ्यात त्याला भिंतीच्या कडेने आलेली चिचुंद्री दिसली. त्याने कुत्री सोडली. कुत्र्यांनी तिला सिंहासनामागच्या कोपऱ्यात घेतले.

पुढे काय झाले ते दरबारी आपल्या नातवंडांनाही सांगत नसत. ज्याला जी वाट सापडली तिने तो पळाला. राजाला गच्चीचा जिना सापडला.

वर मोकळी हवा होती. राजाने पोटभर श्वास घेतला, आणि शेजारच्या कौलांखाली कोणीतरी झोपेत कुरकुरले.

"आत काय आहे?" राजाने विचारले.

मागोमाग आलेली आवडाई म्हणाली, "महाराजांचा हुकूम आहे. हात माझा होता."

आणि तिने थापांची रीत सांगितली. राजा गुडघ्यावर बसला, त्याने कौलावर तीन थापा मारल्या आणि ते उचलले. मंत्राचा चुना पिठासारखा गळून पडला. तीन पिल्ले शिंकत बाहेर आली, राजाच्या मांडीवरून चालत गेली आणि छपराच्या टोकावर आईच्या कुशीत शिरली.

वाऱ्यावर वास सुटला. तळघराच्या कोठडीतून नागोजी ओरडला, "भात खाली उतरवा, करपतोय!"

त्या दुपारी सात गावांत दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही असा माणूस नव्हता. नागोजी पळीसकट जागेवर परतला. तो निर्दोष असल्याची दवंडी कोतवालाने स्वतः ढोल गळ्यात घालून गावोगाव पिटली, आणि पोरे त्याच्यामागे नाक धरून चालली.

अजूनही त्या राज्यात छपराला हात लावण्याआधी तीन थापा पडतात. आंबेमोहोराचा वास जिथवर गेला, तिथवर ही गोष्ट गेली; पुढे वारा वळला, आपणही वळू.