सरकारी माणसाचं वजन

इंग्रजी अमलातली गोष्ट. कुडवे बंदरात धाकू खारवी खाडीपार जाणारा मचवा चालवायचा. त्या साली सरकारचा नवा हुकूम आला, मचव्यात चाळीसच माणसं घ्यायची. एक जरी वाढला तरी मचवा चालवणाऱ्या तांडेलाचा परवाना जप्त. एका अडलेल्या बाईला वर घेतलं म्हणून बंदरावरच्या साहेबानं धाकूच्या भावाचा परवाना काढून घेतला होता.

एका सकाळी चाळीस माणसं मोजून धाकू दोर सोडणार, तोच तो साहेब ट्रंक घेऊन धक्क्यावर आला.

"साहेब, चाळीस भरले," धाकू म्हणाला.

"मी सरकारी माणूस आहे. मला मोजायचं नाही!"

साहेबाला घेतलं तर हुकूम मोडतो, नाही म्हटलं तर साहेब चिडतो. आता हा काय करतो, म्हणून सगळे माना उंचावून बघू लागले.

धाकूनं हात जोडले. "बसा की साहेब. फक्त एका कागदावर सही करून द्या, की सरकारी माणसाला वजन नसतं. खाडीच्या तोंडाशी लाटा आडव्या आल्या, की त्यांना दाखवीन."

साहेबानं पेन्सिल काढली. लाटांकडे पाहिलं. पेन्सिल खिशात गेली.

पुढच्या खेपेला साहेब सगळ्यांच्या आधी मचव्यात चढला, आणि धाकूनं मोठ्यानं मोजलं, "एक!"