कसर न लागणारी घोंगडी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात धुळाप्पा नावाचा विणकर राहत असे. मेंढ्यांच्या लोकरीच्या काळ्याभोर घोंगड्या तो मागावर विणायचा. त्याची बायको मायाक्का लोकर पिंजून सूत काढायची. थंडी जवळ आली की आसपासच्या वाड्यांवरची माणसं घोंगड्या न्यायला त्यांच्या दारी येत.

घोंगडीला एकच शत्रू होता, कसर. घडी घालून ठेवलेल्या लोकरीत हे बारीक किडे शिरत आणि आतल्या आत तिची पार चाळण करून टाकत. मग माणसं नवी घोंगडी न्यायला पुन्हा येत.

"कसर आहे म्हणून आपली चूल पेटते," धुळाप्पा हसून म्हणायचा. शेवटी किडेच खाणार, म्हणून तो विणायचाही घाईघाईने आणि विरळ.

त्यांच्या स्वतःच्या घोंगड्यांना मात्र कधी कसर लागत नसे. मायाक्काला तिच्या आईने त्यावरचा उपाय शिकवला होता. तो घराबाहेर सांगायचा नाही, असं धुळाप्पाने तिला बजावलं होतं.

एके सकाळी वाडीवरची गोदू कडेवर लेकरू घेऊन आली. तिने काखेतली घोंगडी उलगडली. जागोजागी भोकं पडली होती.

"मामी, मागच्याच थंडीत नेली होती. लेकरू रात्रभर कुडकुडतं हो."

"मग नवी घे की," धुळाप्पा मागावरूनच म्हणाला. "तयार आहे."

गोदूने नव्या घोंगडीवरून हात फिरवला आणि मागे घेतला. "यंदा नाही जमायचं, मामा. हिलाच ठिगळ लावून द्या."

मायाक्काने लेकराचे पाय चाचपले. गार पडले होते. तिने सुई ओवली आणि ठिगळ लावता लावता बोलू लागली, "पोरी, थंडी सरली की ही कडक उन्हात टाक, काठीने चांगली झोड..."

मागाचा आवाज थांबला. धुळाप्पा डोळ्यांनी तिला गप्प राहायला खुणावत होता. मायाक्काने नजर खाली वळवली आणि पुढे सांगितलं.

"कडुनिंबाचा आणि निर्गुडीचा पाला सावलीत वाळव. त्यात वेखंड जाडसर कुटून घाल. जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंड्या बांध आणि घडीघडीत ठेव. वास गेला की नव्या बांध. लेकराच्या हाती मात्र लागू देऊ नकोस."

गोदू गेली तसा धुळाप्पा उसळला. "काय केलंस हे? आता ही वाडीभर सांगणार. आपल्याकडे कोण येणार?"

"होईल ते होईल," मायाक्का म्हणाली. "माझ्याने ते लेकरू बघवलं नाही."

धुळाप्पाची भीती खरी ठरली. पुढच्या थंडीत मोजकीच माणसं आली. माग रिकामा पडून राहिला. भाकरीबरोबर कालवण करायचं बंद झालं, आणि धुळाप्पा बायकोशी धड बोलेना.

बसून बसून कंटाळल्यावर एक दिवस त्याने विणायला घेतलं. कुणी वाट बघत नव्हतं, घाई नव्हती. धाग्याला धागा बिलगवत तो विणत गेला, काठाला तांबडी पट्टीही काढली. घोंगडी झाल्यावर किती तरी वेळ तो तिच्यावरून हात फिरवत राहिला.

"बाबांच्या हाताखाली अशी विणायचो," तो म्हणाला. "किड्यांनी सोडली तर ही नातवंडांपर्यंत पुरेल."

"किडे सोडतील की," मायाक्का म्हणाली.

बाजारात एका मेंढपाळाने ती उचलून पाहिली. "वीण तर घट्ट आहे. पण कसर लागली तर?"

मायाक्काने नवऱ्याकडे पाहिलं. धुळाप्पा जरा घुटमळला आणि मग स्वतःच सांगू लागला, "कडुनिंबाचा पाला घ्यायचा, सावलीत वाळवायचा..."

मेंढपाळ ती घोंगडी घेऊन डोंगरापलीकडे गेला. टिकणाऱ्या घोंगडीची बातमी कळपांबरोबर गावोगाव फिरली. पुढच्या वर्षी, ज्यांची नावंही त्यांनी ऐकली नव्हती अशा गावांतून माणसं आली. ती दोघं काही श्रीमंत झाली नाहीत, पण मागाला उसंत राहिली नाही आणि ताटात कालवण परत आलं.

आता गिऱ्हाईक आलं की धुळाप्पा त्याला अंगणात बसवून पाला कसा ओळखायचा इथपासून सगळं इतकं रंगून सांगतो, की मायाक्काला आतून हाक मारावी लागते, "अहो, सोडा त्यांना आता, भाकरी निवतेय!"

तात्पर्य: लोकांच्या नुकसानीवर पोट भरू लागलं की आपल्याच हातचं काम हलकं होतं. त्यांचं नुकसान टाळायला मदत करावी, म्हणजे कामही सुधारतं आणि माणसंही जोडली जातात.