अर्धे वाक्य ऐकणारा राजा

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. तो शूर होता, दानी होता, उजाडायच्या आत घोड्यावर मांड टाकणारा होता. पण त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. दरबारात कोणी बोलू लागले की राजाचा पाय हलू लागे, बोटे सिंहासनाच्या हातावर वाजू लागत, आणि वाक्य अर्ध्यावर आले की राजा म्हणे, "कळले." लगेच हुकूम सुटे. दहांतले नऊ हुकूम बरोबर निघत. म्हणून राजाला वाटे, पुढचे ऐकण्याची आपल्याला गरजच नाही. हळूहळू दरबारी लोक घरूनच अर्धी वाक्ये घेऊन येऊ लागले.

त्या राज्याला पाणी पुरवणारा एक मोठा बांध होता. कान्हू नावाचा पाथरवट त्याची राखण करी. एके दिवशी तो अंगावरची दगडाची भुकटी तशीच घेऊन दरबारात आला.

"महाराज, बांधाच्या पोटाशी पाणी झिरपते आहे. पाणी गढूळ आहे, आणि गढूळ पाणी म्हणजे..."

"कळले," राजा म्हणाला. "चुना भरून घ्या."

"चुन्याने भागणार नाही, महाराज. पाणी गढूळ..."

"कळले म्हटले ना."

कान्हू मुजरा करून माघारी गेला. नवव्या दिवशी बांध फुटला. खालच्या गावातली चाळीस घरे वाहून गेली. बांधावर उभे राहून शेवटपर्यंत ढोल बडवीत लोकांना सावध करणारा कान्हूही गेला. राजाने स्वतः पुरात घोडा घातला, अकरा माणसे ओढून काढली. मग राजचौकात प्रजा जमली तेव्हा ओल्या वस्त्रांनिशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे संकट येणार, असे मला कोणी सांगितले नाही."

तेव्हा गर्दीतून कान्हूची बायको जोगूबाई पुढे आली. तिच्या आजीने तिला मंत्रविद्या शिकवली होती, पण तोवर तिने ती कधी वापरली नव्हती.

"राजा," ती म्हणाली, "तुला तुझेच बोलणे गोड लागते. तर तेच ऐक. जिथवर तुझा कान पोचेल, तिथवर तुझ्या प्रजेच्या तोंडून तुझ्याच शब्दांखेरीज शब्द फुटणार नाही."

एवढे बोलून ती राज्याची शीव ओलांडून निघून गेली.

राजा प्रधानांकडे वळला. "खालच्या गावी धान्य पोचले का?"

"धान्य पोचले का?" प्रधान म्हणाले.

"मी तुम्हाला विचारतो आहे."

"मी तुम्हाला विचारतो आहे," प्रधान म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती उतरली.

तसेच सुरू झाले. पहारेकऱ्याला वर्दी देता येईना, वैद्याला औषध सांगता येईना. कागदावर लिहून मागावे, तर लेखणीतूनही राजाचेच शब्द उतरत. राजा या दालनातून त्या दालनात येरझारा घाली, जेवणावरून अर्धा उठे, घोड्यावर बसे आणि वेशीवरून परत येई.

अशात त्याची सहा वर्षांची लेक चित्रांगी तापाने फणफणली. राजा तिच्या उशाशी बसला.

"बाळ, कुठे दुखते?"

"बाळ, कुठे दुखते?" लेक म्हणाली आणि रडू लागली. तिला सांगायचे होते, पण सांगता येत नव्हते. राजा दाराबाहेर गेला, तरी आत तिला बोलता येईना. अंगणात गेला, तरी तेच. राणी मृगावती सज्जात आली. तिने हात उचलून दूरच्या डोंगरांकडे दाखवले. राजाला तिचे म्हणणे समजले. तो कानाच्या टप्प्याबाहेर गेला, तरच लेकीला आपले दुखणे सांगता येणार होते.

त्याच पावली राजा घोड्यावर बसून निघाला.

राज्याची शीव ओलांडताच पळसाच्या फांदीवरून एक भारद्वाज पक्षी बोलला, "मी कोणाची प्रजा नाही, म्हणून मला बोलता येते. जोगूबाई तीन डोंगरांपलीकडे राहते. वाटेत तुला तीन ठिकाणे लागतील. तिन्ही ठिकाणी एकच काम आहे, समोरच्याचे संपेपर्यंत थांबण्याचे."

"एवढेच?" राजा म्हणाला.

"तुझ्यासाठी ते एवढेसे नाही," पक्षी म्हणाला आणि उडून गेला.

पहिल्या ठिकाणी कोरडी नदी होती. काठावर शंभर वर्षांचे कासव बसले होते. ते एक शब्द बोले आणि मग अर्धी घटका डोळे मिटून घेई.

"नदी... कोरडी... दिसते... म्हणून... सरळ..."

राजा बसला, उठला, पुन्हा बसला. घोड्याचा लगाम त्याने हाताला सात वेळा गुंडाळला, सात वेळा सोडला. अखेर तो म्हणाला, "कळले. सरळ जायचे." त्याने वाळूत पाय टाकला, आणि वाळूने त्याला कमरेपर्यंत ओढले. हातात लगाम होता म्हणून घोड्याने त्याला बाहेर खेचले. कासवाने डोळे उघडले आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.

या खेपेस राजाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ऊन डोक्यावर आले, कलले, पाठीवर आले. त्याच्या पायाला मुंग्या आल्या. "...जाऊ... नकोस... मधली... वाळू... माणूस... गिळते... वरच्या... जांभळीखालून... जा." राजाने कासवाला हात जोडले आणि जांभळीखालून नदी ओलांडली.

दुसऱ्या ठिकाणी काळ्या दगडाची खिंड होती. तिच्या तोंडाशी एक मांत्रिक बसला होता. राजाला पाहताच तो बोलू लागला.

"तू भित्रा आहेस. तू बापाचे सिंहासन कपटाने घेतलेस. पुरात अकरा माणसे वाचवलीस ती वाहवा मिळावी म्हणून. चांगला सल्ला दुसऱ्याच्या तोंडून आला की तुला राग येतो. तुझी राणी तुझ्याशी मनातले बोलत नाही, हे तुला चार वर्षे ठाऊक आहे."

राजाची मूठ तलवारीवर गेली. ओठांवर शब्द आले. त्याने ते गिळले. मांत्रिक बोलत राहिला. गवत चरायला गेलेला घोडा चरून परत आला, तेव्हा कुठे तो थांबला.

"यात खोटे किती?" मांत्रिकाने विचारले.

"अर्धे," राजा म्हणाला.

"आणि उरलेले?"

राजाने तलवारीवरची मूठ सोडली. "उरलेले माझे आहे," तो म्हणाला.

मांत्रिक बाजूला सरला. खिंडीत वाट उघडली.

तिसऱ्या ठिकाणी एक झोपडी होती. दारात जोगूबाई जात्यावर दळत बसली होती. तिने वर पाहिले नाही. राजा समोर बसला. वाटेत त्याने मोठे भाषण जुळवले होते. इनाम, पालखी, नवे घर. जात्याची घरघर चालू होती आणि त्याला ती सोसवेना.

"बाई," तो म्हणाला, "मला ठाऊक असते तर..."

जाते थांबले. जोगूबाई पीठ भरून आत जाऊ लागली.

"थांबा," राजा म्हणाला. मग प्रथमच त्याचा पाय हलायचा थांबला. "कान्हूने सांगितले होते. दोनदा सांगितले. मी ऐकले नाही."

जोगूबाई उंबऱ्यावर बसली. "त्याचे पुढचे वाक्य तुला ऐकायचे आहे?"

राजाने मान डोलावली.

"गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या आतली माती वाहून चालली आहे. आठ दिवस हातात आहेत. बांध वाचणार नाही, पण हुकूम सुटला तर गाव हलवता येईल. दरबारातून आल्यावर तो हे भिंतीला सांगत बसला होता. मी ऐकत होते."

राजा रडला. ती त्याचे रडणे संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "शाप मी दिला, पण सोडवणे माझ्या हाती नाही. जिथे खोटे बोललास तिथे खरे बोल."

राजा परतला. राजचौकात प्रजा जमली. सारे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. राजा म्हणाला, "कान्हूने सांगितले होते. मी ऐकले नाही."

"कान्हूने सांगितले होते. मी ऐकले नाही," हजारो लोक म्हणाले. म्हातारे म्हणाले, पहारेकरी म्हणाले, अनाथ झालेली पोरे म्हणाली. राजाला वाटले, धावत सुटावे. तो उभा राहिला. त्याने पुन्हा तेच सांगितले, पुन्हा तेच परत आले. तिसऱ्यांदा सांगितले.

तेव्हा खालच्या गावची एक बाई म्हणाली, "मी ऐकले नाही... नाही ऐकलेत तुम्ही. माझी सासू गेली, दोन म्हशी गेल्या, आणि धान्य आले ते किडके आले."

राजा तिच्याकडे वळला. "आणखी?"

"आणखी पुष्कळ आहे," बाई म्हणाली.

मग सगळेच बोलू लागले. राजा पायरीवर बसून ऐकत राहिला. काही बोलणे खरे होते, काही खोटे. कोणी त्याला शिव्या दिल्या, प्रधानांनी नऊ वर्षे साठवलेली वाक्ये पुरी केली. दिवस मावळेपर्यंत ते चालले. राणी गर्दी ओलांडून आली आणि म्हणाली, "चित्रांगीचा ताप उतरला. तुम्ही गेलात त्याच दिवशी तिने सांगितले, दुखणे कानात होते." मग ती म्हणाली, "मलाही काही सांगायचे आहे. त्याला चार वर्षे झाली." राजाने तिला पायरीवर जागा करून दिली.

पुढे नवा बांध घालायचे ठरले. जागा राजाने निवडली. पाथरवटांची म्होरकी सखूबाई म्हणाली, "इथे खडक पोकळ आहे." राजाचे मन ते मानीना. तीन दिवस वाद चालला. राजाचा पाय पुन्हा हलू लागला, बोटे पुन्हा वाजू लागली, पण तो ऐकत राहिला. चौथ्या दिवशी त्याने बांधाची जागा कोसभर वर सरकवली. पायाचा पहिला दगड आला तेव्हा राजा नेमका त्या जागी उभा होता.

"महाराज," सखूबाई म्हणाली, "बाजूला व्हा. तुम्ही कामाच्या मध्ये उभे आहात."

राजा बाजूला झाला आणि चिखलात उभा राहिला. दगड आपल्या जागी बसला. त्या राजाचे सावरले, तसे ही गोष्ट ऐकणाऱ्यांचेही सावरो.